लपवलेली विद्या आणि उरलेली विद्या

१/११
तबल्याच्या इतिहासात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लखनौचे उस्ताद बक्षू खाँ यांनी आपली कन्या हाजी विलायत अली खाँ यांना दिली आणि हुंड्यात पाचशे गती दिल्या. पुढे हेच हाजीसाहेब फर्रुखाबाद घराण्याचे प्रवर्तक ठरले. आकडा दंतकथेचा असेल. पण बोलांची एक रचना दागिन्याच्या तोलाची मानली जात होती, हे त्या कथेतून स्पष्ट होते.

२/११
दागिना म्हटला की तिजोरी आली. खास रचना मुलाला, जावयाला द्याव्यात. बाहेरच्या शिष्याला साधे कायदे शिकवून वर्षानुवर्षे ताटकळत ठेवावे, अशी रीत अनेक ठिकाणी होती. आज त्या उस्तादांना सरसकट कंजूष ठरवले जाते. हा निवाडा घाईचा आहे.

३/११
त्या काळी वादकाला ना स्वामित्वहक्क होता, ना निवृत्तिवेतन. दरबारातील नेमणूक हाच आधार. दुसऱ्याला न येणारी गत हीच त्याची जमीन आणि हीच त्याची शेती. ती वाटून टाकली तर उद्या त्याच दरबारात आपल्या जागी शिष्य बसेल, ही भीती निराधार नव्हती. लपवण्यामागे स्वभावापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता.

४/११
मात्र ‘लपवले म्हणूनच विद्या शुद्ध राहिली’ हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तबल्याची विद्या कागदावर नव्हती, ती हातात होती. वारस नसलेल्या किंवा वारसाला गोडी नसलेल्या उस्तादाबरोबर तिचा तेवढा भाग मातीत गेला. जे उरले, ते कोणीतरी कोणाला तरी दिले म्हणून उरले.

५/११
उस्ताद मुनीर खाँ (१८६३–१९३७) यांचे उदाहरण येथे निर्णायक आहे. त्यांनी एका घराण्याच्या उंबरठ्याआड न थांबता अनेक गुरूंकडून विद्या मिळवली. परंपरा ही संख्या चोवीस सांगते. मुंबईत त्यांनी ती मुक्तहस्ते वाटली. अहमदजान थिरकवा हे त्यांचेच शिष्य. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याची साथ करून त्यांनी मराठी रसिकांना वेड लावले आणि १९७० मध्ये ते पद्मभूषण झाले.

६/११
मुनीर खाँ यांचे भाचे अमीर हुसेन खाँ (१८९९–१९६९) या औदार्याचा कळस ठरले. ते स्वतः थोर रचनाकार. तरीही मुंबईतील त्यांची तालीम जातिधर्माच्या भिंती ओलांडून गेली. गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर, बंगालचे निखिल घोष, महाराष्ट्राचे अरविंद मुळगावकर, पारशी समाजातील आबान मिस्त्री हे सारे त्यांच्याकडे शिकले.

७/११
या यादीचे महत्त्व पुढच्या पिढीत कळते. नागेशकरांकडून ती विद्या सुरेश तळवलकरांपर्यंत पोहोचली. घोष यांनी मुंबईत संगीत महाभारती उभारली. आबान मिस्त्री या एकल तबलावादन करणाऱ्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक. पखवाज-तबल्याच्या घराण्यांचा इतिहास त्यांनी ग्रंथबद्ध केला. जे क्षेत्र पुरुषांचेच मानले जात होते, त्याची नोंद एका स्त्रीने केली, कारण एका उस्तादाने दार उघडे ठेवले होते.

८/११
मुळगावकरांनी मराठीत ‘तबला’ हा ग्रंथ लिहिला आणि पुढे पारंपरिक बंदिशींच्या संग्रहाला नाव दिले ‘इजाजत’. या एका शब्दात सारा विचार सामावला आहे. इजाजत म्हणजे परवानगी. विद्या शिष्याच्या हाती येते ती मालकीहक्काने नव्हे, तर वाजवण्याच्या आणि पुढे देण्याच्या मुभेसह.

९/११
मग आजचे काय? शेकडो दुर्मीळ गती आज मोबाइलवर फुकट ऐकता येतात. तिजोरी फुटली, आता गुरूची गरज संपली, असा समज पसरतो आहे. तो तितकाच चुकीचा आहे. कागदावर ‘तिट’ किंवा ‘धिरधिर’ लिहिता येते. पण त्याचा निकास, म्हणजे तो बोल कोणत्या बोटांनी, चाटेवर, लवेवर की शाईवर, किती वजनाने काढायचा, हे लिपीत मावत नाही. दिल्लीचा बोल दोन बोटांत खेळतो. पूरबच्या बाजात अख्खा पंजा उतरतो. अक्षरे तीच, नाद निराळा.

१०/११
म्हणून औदार्याची खरी कसोटी किती रचना वाटल्या ही नसून किती हात घडवले ही आहे. समोर बसून चुकलेले बोट दुरुस्त करणे, एकच कायदा महिनोन्‌महिने ऐकून घेणे, यात गुरूचे आयुष्य खर्ची पडते. ध्वनिफीत कोणाची चूक ऐकू शकत नाही. आणि घेणाऱ्याचेही कर्तव्य असते. जुने वादक गत वाजवण्यापूर्वी कानाच्या पाळीला हात लावून रचनाकाराचे नाव घेत. ही केवळ नम्रता नव्हती. छपाई नसलेल्या काळात श्रेयाची नोंदवही अशीच चालत असे. आज ऐकलेली गत नावाशिवाय पुढे ढकलली जाते, तेव्हा ती नोंदवही फाटते.

११/११
घराण्यांच्या इतिहासाकडे पाहताना दोन मोह टाळायला हवेत: जुन्या उस्तादांना खलनायक ठरवण्याचा आणि त्यांच्या गुप्ततेला पावित्र्य बहाल करण्याचा. त्यांची अडचण खरी होती आणि तिची किंमतही खरी होती. हुंड्यात दिलेल्या त्या गतींपैकी आज जेवढ्या वाजतात, त्या तिजोरीतून आलेल्या नाहीत. त्या हातातून हातात आल्या आहेत. तबल्याच्या इतिहासात जपणे म्हणजे देणेच होते.