गाठोडं सुटेना, म्हणून नाव बदला?

"फाइलींची नावं इंग्रजीत द्या हो, कटकटच नको." हा सल्ला गेली २० वर्षं ऐकत आलो आहे. देणारा जाणकार असतो आणि ऐकणारा मराठी माणूस ओशाळून मान डोलावतो, जणू देवनागरीत नाव लिहिलं हा त्याचाच गुन्हा. मला हा सल्ला साफ अमान्य आहे. का, ते एका गाठोड्यावरून सांगतो.

गाठोडं मनावरचं. मनावर मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेला. पवार, होळकर, शिंदे यांच्याबरोबर १८व्या शतकात माळव्यात गेलेल्या मराठी घराण्यांचा हा मुलूख. अशाच एका घरातल्या काकांनी जुन्या पत्रांचे फोटो झिप करून मला गोव्यात पाठवले. पत्रं मोडीत. घरात मोडी वाचता येणाऱ्या शेवटच्या आजी. त्यांनी एकेक पत्र हातात घेऊन कोणाचं, कोणाला, कधीचं ते सांगितलं आणि नातवाने तेच फाइलीचं नाव म्हणून टंकलं. आजी आता नाहीत. म्हणजे फाइलींची नावं हीच त्या दप्तराची एकमेव सूची. माझ्याकडे झिप उघडली तेव्हा फोटो शाबूत, पण नावांच्या जागी मुंग्यांची रांग. संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे तोडगा तयार होता: "स्कॅन एक, स्कॅन दोन करून टाकू."

या मुंग्या येतात कुठून? झिप १९८९ची, फिल कॅट्झ या अमेरिकन माणसाची. तेव्हा नावं लिहायला आयबीएम पीसीचा २५६ चिन्हांचा तक्ता होता, क्रमांक ४३७. त्यात इंग्रजी, थोडी युरोपीय अक्षरं, थोडी ग्रीक, चौकटी आखायच्या रेघा. देवनागरी कुठली असायला! उलट युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. 'मनावर' म्हणजे म, न, काना, व, र. ५ चिन्हं, १५ बाइट. तेच जुन्या तक्त्यातून वाचलं की पाच वेळा ग्रीक आल्फा, प्रत्येकामागे डोक्यावर लाट घेतलेला स्पॅनिश एन, आणि 'न'च्या शेपटीला उलटं प्रश्नचिन्ह. अक्षर कुठेही गेलेलं नसतं. वाचणाऱ्याने भलताच चष्मा लावलेला असतो.

यावर उपाय २००६ सालीच झिपच्या नियमांत आला: नाव यूटीएफ-८मध्ये आहे अशी एका बिटाची खूण. पण एक्सपीतली झिप देवनागरी नावाची फाइल बांधायलाच नकार देई, आणि पुढेही कित्येक प्रोग्रॅम नाव यूटीएफ-८मध्ये लिहीत, खूण मात्र लावत नसत. आळस त्यांचा आणि नाव बदलायचं आपण?

कोणी म्हणेल, रोमीत लिहिलं तर काय बिघडलं? 'थोरल्या जाऊबाईंचं नणंदेला पत्र' हे इंग्रजीत सांगून बघा. जाऊही सिस्टर-इन-लॉ, नणंदही सिस्टर-इन-लॉ, वहिनी आणि मेहुणीही तीच. नुसतं रोमीकरण केलं तर 'मान' नदी आणि 'मन' यांत फरक उरत नाही. आम्हा गोवेकरांना तर हे नव्याने सांगायला नको. पोर्तुगीज कागदांत डिचोलीचं 'बिचोलिम' आणि साखळीचं 'सांकेलिम' झालं, ते पाट्यांवरून अजून पुरतं उतरलेलं नाही.

बरं, उपायही अवघड नाही. सेव्हन-झिप १९९९पासून फुकट मिळतो. कमांड लाइनवर त्याला कोड पेज ६५००१ सांगितलं की तो नावं यूटीएफ-८ म्हणून वाचतो. मॅकवर 'दि अनआर्काइव्हर' आहे, लिनक्सवर त्याचाच भाऊ 'अनआर'. रारमध्ये मात्र घरचं दप्तर बांधू नये. उघडणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण बांधायची किल्ली एकाच मालकाकडे. विंडोज ११लाही ती आपणहून उघडायला २०२३ उजाडलं. (चोरीच्या सिनेमांना रार आवडते, ते सोडा.)

आणि हो, आतल्या कुलपाचं काय? गाठोडं सुटलं, फाइल उघडली, आणि मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत. तो फाँट नसला की पुन्हा मुंग्या. तिथे बांधणाऱ्यानेच मजकूर युनिकोडमध्ये करून द्यायला हवा, निदान फाँट आत घातलेली पीडीएफ तरी. जुन्या यंत्रांची फारच धास्ती वाटत असेल तर नावांची एक यादी युनिकोडमध्ये त्याच झिपमध्ये ठेवावी. एवढी तडजोड मला चालेल.

पण कोणी 'स्कॅन एक' करायला बसण्याआधी मूळ झिपची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. 'मनावर'चे ते १५ बाइट तिच्यात जसेच्या तसे असतात. नावं बदलून नव्याने बांधलेल्या झिपमध्ये ते नसतात.