श्रूजबरी की श्रोजबरी?



‘इंग्रज लिहितात एक आणि बोलतात भलतेच’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. लेस्टर, वूस्टर या नावांतली अर्धी अक्षरे वाया जातात, हे खरे. नॉरफोकमध्ये तर ‘वायमंडहॅम’ लिहून ‘विंडम’ म्हणतात आणि ‘हॅपिसबर्ग’ लिहून ‘हेझब्रो’. पण ‘स्थानिक म्हणतात तोच खरा उच्चार’ हा पत्रलेखकाचा निष्कर्ष पटत नाही. मुळात स्थानिकांचे तरी कुठे एकमत आहे?

श्रॉपशरमधले श्रूजबरी घ्या. आपल्याला ते नाव पुण्याच्या बिस्किटांमुळे ठाऊक. त्या गावातच ‘श्रूज’ आणि ‘श्रोज’ असे दोन तट आहेत. सायरनसेस्टरला जुनी मंडळी ‘सिसिस्टर’ म्हणत. पुढे स्थानिकांनीच स्पेलिंगबरहुकूम बोलायला सुरुवात केली. लेस्टरशरचा बेल्व्हॉर किल्ला हा तर उलटा मामला. नाव दिले नॉर्मन फ्रेंचांनी, ‘सुंदर देखावा’ अशा अर्थाचे. ते इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून झाले ‘बीव्हर’. म्हणजे आज परक्याच्या ज्या उच्चाराला हसतात, तोच मुळाच्या अधिक जवळ!

बीबीसीने १९२६ साली उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि १९३० साली इंग्लंडमधील गावांच्या नावांची पुस्तिकाच काढली. खुद्द इंग्रज निवेदकांना ती लागली, तिथे आपण अडखळलो तर ओशाळायचे कशाला? गावात गेल्यावर विचारून घ्यावे. तोवर खुशाल लिहिल्याप्रमाणे वाचावे.

आपला,
एक वाचक, पुणे