कपडा घेण्याआधी उलटा करून पाहा

नवा कपडा घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो, आरशासमोर उभे राहतो आणि पैसे मोजतो. माझी विनंती आहे की त्यात एका सवयीची भर घाला. कपडा उलटा करा आणि त्याची शिवण पाहा. ‘व्हिंटेज’ म्हणून जुन्या वळणाचे कपडे सध्या भरपूर विकले जातात. मूळचे जुने कपडे कशामुळे टिकले आणि नव्यांनी त्यांच्याकडून काय घेतले, हे कळले तर आपला पैसा वाया जाणार नाही.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी डिझायनर ख्रिस्तियाँ दिओर यांनी पॅरिसमध्ये आपल्या नावाने पहिले कपडे लोकांपुढे मांडले. महायुद्धाच्या टंचाईत बायकांचे कपडे आखूड आणि चौकोनी खांद्यांचे झाले होते. दिओर यांनी उतरते खांदे, बारीक कंबर आणि मोठ्या घेराचा लांब स्कर्ट आणला. त्यातले ‘बार’ जाकीट आजही संपलेले नाही. २०१२ मध्ये राफ सिमन्स यांनी दिओर या फॅशनघराण्याच्या डिझाइनची सूत्रे हाती घेतली, तेव्हा पहिल्याच खेपेला त्यांनी तेच जाकीट नव्याने कापले. फोटोत आपल्याला फक्त कंबर दिसते. पण तो आकार उभा राहतो तो आत दडलेल्या आधारावर आणि कमरेखाली भरलेल्या गादीवर.

पॅरिसच्याच डिझायनर कोको शॅनेल यांनी सत्तरीत, १९५४ मध्ये, पुन्हा काम सुरू केले. त्यांच्या मऊ ट्वीडच्या जाकिटात अस्तराच्या खालच्या कडेला बारीक साखळी शिवलेली असे. तिच्या वजनाने जाकीट अंगावर सरळ पडे. मादलेन व्हिओने यांनी त्याआधीच, १९२०च्या दशकात, कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न कापता तिरके कापून अख्खे पोशाख बेतले होते. तिरके कापलेले कापड ताणले जाते आणि अंगाच्या वळणाने खाली उतरते. १९९०च्या दशकात जॉन गॅलियानो यांचे सुळसुळीत गाऊन गाजले, ते याच कापावर. थोडक्यात, नव्या डिझायनरांनी जुन्यांकडून घेतली ती कापण्याची, आधार देण्याची आणि वजन तोलण्याची विद्या.

ही विद्या फक्त परदेशाची आहे, असे मानू नका. पॅरिसच्या डिझायनर एल्सा स्कियापारेल्ली यांनी १९३५ मध्ये साडीवरून पोशाख बेतले. उलट दिशेने, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, यांनी फ्रान्सच्या शिफॉनची साडी आपल्याकडे रूढ केली. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने आपले नवे कपडे मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी मांडले, तेव्हा त्यामागे मुंबईच्याच चाणक्य या भरतकामाच्या संस्थेचे कसब होते. पॅरिसच्या लेबलामागे अनेकदा आपल्याकडचे हात असतात.

तेव्हा दुकानात काय पाहायचे? शिवणीच्या आत बोटभर तरी कापड सोडले आहे का, ते पाहा. तेवढे असेल तर अंगात बदल झाला तरी कपडा उसवून सैल करता येतो. चौकडीचे किंवा पट्ट्यांचे कापड असेल, तर शिवणीवर रेघा जुळतात का ते बघा. काजाचे दोरे सुटलेले नसावेत. अस्तर बाहेरच्या कापडाला ओढत नसावे. या कसोट्यांना कपडा उतरला तरच पैसे द्या. केवळ लेबलासाठी देऊ नका, कारण लेबल कोणत्याही कपड्यावर पाच मिनिटांत शिवता येते. नामांकित डिझायनरचा जुना कपडा ऑनलाइन घेत असाल, तर आतल्या बाजूचे आणि काखेतल्या शिवणीचे फोटो आधी मागवा. घामाने रेशीम तिथेच आधी विरते. विक्रेता फोटो देत नसेल, तर घेऊ नका.

घरातले कपाटही याच नजरेने पाहा. आईची कॉलेजच्या दिवसांतली साडी, वडिलांचा लग्नातला सूट, आजीचे हाताने शिवलेले पोलके बोहारणीला देण्याआधी उलटे करून बघा. ठेवायचे ठरले, तर डाग काढून, पूर्ण वाळवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. घडी अधूनमधून बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. जड किंवा तिरक्या कापाचा कपडा टांगला की ओघळतो, तो आडवा ठेवा.

धडधाकट असेल तो कपडा जरूर वापरा. विरलेला मात्र अंगावर चढवू नका. मेरिलिन मन्रो यांनी १९६२ मध्ये घातलेला मूळ गाऊन २०२२ च्या मेट गाला या फॅशन समारंभात किम कार्दशियन यांनी काही मिनिटांसाठी घातला, तेव्हा जुनी वस्त्रे जतन करणाऱ्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हालचाल, घाम आणि उजेड यांनी जुने धागे तुटतात. असा विरलेला कपडा शिंप्याकडे न्या, त्याची मापे आणि काप उतरवून घ्या आणि नव्या कापडात तसाच शिवून घ्या. मोठमोठी फॅशनघराणी आपल्या जुन्या कपड्यांचे हेच करत आली आहेत.

शेवटची विनंती पैशांविषयी. शिंप्याशी आणि रफूगाराशी मजुरीवरून घासाघीस करू नका. वर्षाकाठी दोन स्वस्त कपडे कमी घ्या आणि ते पैसे एका नीट शिवलेल्या कपड्यावर किंवा एखाद्या चांगल्या रफूवर खर्च करा. आतली शिवण कशी असावी हे सांगू शकणारा माणूस आपल्या गल्लीत टिकायला हवा, आणि तो टिकवणे आपल्याच हातात आहे.