पाय धुणारा पुढारी

कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. पुढची पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. पण त्या काळात चौकातले बॅनर कमी झाले का? उलट वाढले. वाढदिवसाचे, ईदचे, दिवाळीचे, कुणाच्या तरी 'नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन'चे. खाली पंधरा-वीस फोटो, वर एक मोठा फोटो. पद एकही नव्हते, पुढारी मात्र गल्लोगल्ली होते. नळाला पाणी आले नाही तर नेमके कुणाकडे जायचे, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हते.

म्हणून मला प्रश्न पडतो, आपण नेतृत्व कशाला म्हणतो? पुढे चालणाऱ्याला, की पुढचे काम उचलणाऱ्याला? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर ख्रिस्ती परंपरेत आहे, आणि ते शोधायला रोमला जायची गरज नाही. ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तोपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. त्या वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले, तेव्हा ते 81 वर्षांचे होते. एक मुसलमान शिक्षक म्हणून त्यांच्या कामाकडे पाहताना मला वाटते, की आपल्या मोहल्ल्यांना, आपल्या मशिदींच्या ट्रस्टींना आणि आपल्या शाळांना त्यांच्याकडून घेण्यासारखे बरेच आहे.

आधी मुळापासून बघू. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू जेवणावरून उठतात, कमरेला रुमाल बांधतात, परातीत पाणी घेतात आणि शिष्यांचे पाय धुतात. त्या काळी हे काम घरातल्या गुलामाचे. पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो, त्याला ते सहन होत नाही. येशू ऐकत नाहीत. आणि विशेष म्हणजे ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याच रात्री दगा देणारा यहूदाही होता. चर्चमध्ये दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात ते याच आठवणीने. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात केला आणि ज्यांचे पाय धुतले त्यांत एक मुस्लिम मुलगीही होती.

आपण ईसा अलैहिस्सलामांना पैगंबर मानतो, पण हा प्रसंग आपल्या घरांत सांगितला जात नाही. त्याचा अर्थ मात्र आपल्याला अनोळखी नाही. कौमचा सरदार म्हणजे कौमचा खादिम, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत उमर रात्री पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन उपाशी मुलांच्या घरी गेले, सोबतचा माणूस पोते मागत होता तरी दिले नाही, ही हकीकत तर प्रत्येक मदरशात सांगतात. गंमत अशी, की आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, स्वतःचे पाय धुतो. दुसऱ्याचे पाय धुवायची पाळी आली की पेत्राप्रमाणे आपणही पाय मागे घेतो. फरक एवढाच, की त्याने संकोचाने घेतला होता.

आता वसईकडे येऊ. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईतली हिरवी जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली करण्याचे धोरण आले. केळी, फुले, पानवेली, भाजीपाला यांवर जगणारा पश्चिम पट्टा हादरला. पूर्वेला इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना पाणी हवे होते. ते पाणी टँकरने यायचे, आणि टँकर भरायचे वाड्यांतल्या विहिरींतून. उपसा वाढला की समुद्राजवळच्या विहिरीत खारे पाणी शिरते, हे शेतकऱ्याला सांगायला भूगोलाचे पुस्तक लागत नाही. या सगळ्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते.

यातला पहिला धडा असा: प्रश्न सगळ्यांचा उचला. चर्चच्या जागेचा, कब्रस्तानाचा, धर्मांतराच्या आरोपांचा प्रश्न घेऊन फादर उभे राहिले असते तर त्यांच्यामागे त्यांचाच समाज आला असता. त्यांनी पाण्याचा, झाडांचा आणि गुंडगिरीच्या दहशतीचा प्रश्न घेतला. पाणी ख्रिस्ती नसते, वाडवळ नसते, आगरी नसते. त्यामुळे माणसेही सगळी आली. आपण काय करतो? कल्याणच्या आधारवाडीच्या कचऱ्याला कितीदा आगी लागल्या. तो धूर दूधनाक्यावर आला तसाच पारनाक्यावरही गेला. वालधुनीचे पाणी काळे झाले तेव्हा नदीने कुणाचा धर्म विचारला नाही. या प्रश्नांवर किती मशिदींतून, किती जमातींतून आवाज उठला? आपले निवेदन जाते ते लाऊडस्पीकरसाठी, कुर्बानीच्या व्यवस्थेसाठी, कब्रस्तानच्या भिंतीसाठी. ते जायलाच हवे. पण तेवढेच जात राहिले तर शेजाऱ्याला वाटते, हे लोक फक्त स्वतःसाठीच बोलतात. मग आपल्यावर वेळ येते तेव्हा तोही गप्प बसतो.

दुसरा धडा भाषेचा, आणि तो माझ्या धंद्याचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. वसईतल्या ख्रिस्ती समाजाच्या घरात कादोडीसारख्या बोली आहेत. कॅथलिक चर्चची उपासनेची भाषा शतकानुशतके लॅटिन होती. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषांना दार उघडले. वसईच्या धर्मगुरूंनी मराठी धरली आणि ती घट्ट धरली. दिब्रिटो 1983 ते 2007 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक होते. धर्माचे मासिक म्हटले की आत प्रवचने असतील असे वाटते. त्यांनी त्यात पर्यावरण, स्त्रियांचे प्रश्न, सामाजिक न्याय असे विषय आणले. 'सुबोध बायबल' लिहिले तेही आजच्या वाचकाला कळेल अशा मराठीत. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. काही संघटनांनी त्यांच्या निवडीला विरोध केला होता, पाठीच्या दुखण्याने ते बेजारही होते, तरी ते गेले आणि बोलले. इतकी वर्षे मराठीत लिहिलेला माणूस परका आहे, असे म्हणणाऱ्याची पंचाईत झाली.

आपल्याकडेही ही वाट आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहिला. डॉ. यू. म. पठाण 1990 मध्ये पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. भिवंडी-कल्याणच्या कोकणी मुसलमानांच्या घरात तर मराठीचीच बोली चालते. तरीही आपला सार्वजनिक आवाज उर्दूतच राहिला. मी उर्दू शिकवतो, तिच्यावर माझा जीव आहे, तिच्यावर माझे घर चालते. पण वॉर्ड ऑफिसात अर्ज उर्दूत चालत नाही. आठवीच्या मुलाला पत्रलेखनात 'मा. आयुक्त यांस' हा मायना तोंडपाठ असतो, पाच गुण मिळतात. तोच मुलगा बारावीनंतरही आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतो. मी हल्ली वर्गात खोट्या विषयावर तक्रारपत्र देत नाही. आपल्याच गल्लीतला प्रश्न शोधा, कोणत्या खात्याकडे जातो ते विचारून या आणि मग लिहा, असे सांगतो. नेतृत्वाचे शिक्षण याहून वेगळे काही असते असे मला वाटत नाही.

तिसरा धडा सगळ्यात अवघड आहे. आपल्याच माणसांना त्यांची चूक सांगणे. वसईत टँकरवाल्याला पाणी विकणाऱ्यांत स्थानिक शेतकरीही होते. जमिनी घेणारे बिल्डर बाहेरचे असतील, विकणारे हात गावातलेच होते. रविवारी त्यातले बरेच जण चर्चच्या बाकावरच बसत असणार. अशा ठिकाणी पाणी वाचवा म्हणणे म्हणजे समोर बसलेल्याच्या खिशाला हात घालणे. बाहेरच्या शत्रूविरुद्ध भाषण सोपे असते, टाळ्याही मिळतात. घरच्या माणसाला थांबवायला गेले की पहिली नाराजी घरातूनच येते. आपल्याकडे अनधिकृत मजले चढवणारा, जिन्याखालची जागा गाळा म्हणून विकणारा, विजेच्या तारेवर आकडा टाकणारा हा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसे मेली, त्यात कितीतरी लहान मुले होती. त्यानंतर किती जुम्म्यांना असा व्यवहार हराम आहे असे स्पष्ट सांगितले गेले? चंद्र दिसला की नाही यावर आपण रात्र जागवतो. पायात लोखंड किती घातले, हे कोण विचारणार?

चौथा धडा जागा सोडण्याचा. संपादकपदाची चोवीस वर्षे थोडी नव्हेत. पण 2007 मध्ये ते पद त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले आणि मासिक पुढे चालत राहिले. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूची बदली होते, आज या गावी, उद्या त्या गावी. मागे राहते ती व्यवस्था. आपल्या कित्येक ट्रस्टांवर वडिलांनंतर मुलगा, मुलानंतर पुतण्या. हिशेबाची वही मागितली की मागणारा गद्दार. पैगंबरांच्या नंतर हजरत अबू बकर यांनी पहिल्याच भाषणात मी चुकलो तर मला सरळ करा, अशा अर्थाचे सांगितले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग शंभर घरांच्या जमातीच्या अध्यक्षाला प्रश्न विचारलेला का खपत नाही?

यावर लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली, फादरांच्या पाठीशी चर्चची संस्था होती, शाळा होत्या, मासिक होते. आपल्याकडे अशी वरून खालपर्यंत रचना नाही. खरे आहे. पण आपल्याकडे जुम्मा आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, न बोलावता शेकडो माणसे एका जागी येतात. अशी सभा भरवायला राजकीय पक्षांना लाखो रुपये लागतात. त्यातली पाच मिनिटे मोहल्ल्याच्या पाण्यासाठी, मुलांच्या दाखल्यांसाठी, शिष्यवृत्तीच्या तारखांसाठी मराठीत आणि उर्दूत दिली, तर कोणत्या इमामसाहेबांचे काय बिघडेल?

दुसरी गोष्ट अशी, की अल्पसंख्याकाने सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडले की त्याच्या धर्मावरच बोट ठेवतात, त्यापेक्षा गप्प बरे. ही भीती खोटी नाही. दिब्रिटोंच्या निवडीच्या वेळी तेच झाले. पण त्यांच्या बाजूने उभे राहिलेले लोकही तेव्हा दिसले, आणि ते एका दिवसात तयार झालेले नव्हते. तीस-चाळीस वर्षे ज्यांच्या विहिरींसाठी, झाडांसाठी, भाषेसाठी हा माणूस झिजला, ती सगळी पुंजी त्या वेळी कामी आली. गप्प राहून अशी पुंजी जमत नाही.

हरित वसईने सगळे वाचवले असे नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली होती, जवळपास कल्याण-डोंबिवलीइतकीच. टँकर अजून धावतात. पण पश्चिम पट्ट्यात आजही वाड्या आहेत, विहिरी आहेत आणि त्यांच्यासाठी रस्त्यावर यायचे असते हे माहीत असलेली एक पिढी आहे. पुढाऱ्याने मागे काय ठेवावे? माझ्या मते एवढे पुष्कळ झाले.

आपल्याला फादर व्हायचे नाही आणि कुणी व्हा असे म्हणतही नाही. आपला दीन आपल्याला पुरेसा आहे. फक्त शेजारच्या घरात चांगली रीत दिसली तर ती उचलायला लाज वाटू नये. येत्या महिन्यात एवढेच करून पाहा: ज्या प्रश्नात आपल्यासोबत शेजारच्या सोसायटीचाही फायदा आहे असा एक प्रश्न निवडा, मराठीत अर्ज लिहा, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि तो घेऊन जाताना सगळ्यात मागे चाला. फोटो काढायला कुणाला नेऊ नका.