डोक्यावरचा स्वल्पविराम

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. बी. कॉम.ला आल्यावर जमाखर्च इंग्रजीतून शिकू लागलो. आकड्यांनी त्रास दिला नाही. त्रास दिला तो अक्षराच्या डोक्यावर बसणाऱ्या स्वल्पविरामाने, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफीने.

एकदा सरांनी भागीदारीचे उदाहरण तोंडी सांगितले. 'पार्टनर्स लोन' एवढे ऐकून मी ते कर्ज तिघा भागीदारांच्या नावे मांडले. ते होते एकाचेच. करार नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे द्यायचे ६ टक्के व्याजही त्या एकालाच मिळायला हवे होते. ताळेबंद जुळला, उत्तर मात्र चुकले!

नियम तसा सोपा आहे. मालक एक असेल तर आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मग एस. अनेकवचन एसने संपत असेल तर एसच्या पुढे नुसता अ‍ॅपॉस्ट्रॉफी. 'मेन', 'चिल्ड्रेन' अशा अनेकवचनांना पुन्हा अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि एस. पण पार्टनर एक असो वा तीन, कानाला 'पार्टनर्स'च ऐकू येते. आपल्याकडे 'भागीदाराचे' आणि 'भागीदारांचे' यांतला अनुस्वार निदान ऐकू तरी येतो.

नियम पाठ करूनही मी चुकत असे. कारण पुढे उमगले. मराठीतला प्रत्यय वस्तूकडे पाहतो. 'भागीदाराचे कर्ज', कर्जे अनेक झाली की 'भागीदाराची कर्जे'. त्या सवयीने, कर्जे अनेक दिसली की माझा हात अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या पुढे सरकवी. इंग्रजी मात्र एवढेच विचारते : मालक किती?

माझ्या बाकावरच्या कन्नड मित्राला ही अडचण नव्हती. 'पालुदारन साल' म्हणजे भागीदाराचे कर्ज. कर्जे अनेक झाली तरी 'पालुदारन सालगळु'. 'पालुदारन' तसेच राहते. भागीदार अनेक झाले तरच 'पालुदारर'. म्हणजे इंग्रजीचीच रीत! मी बाजारात रोज कन्नड बोलतो, पण हे कधी ध्यानात आले नव्हते.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. बेळगावच्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याकरण शिकवताना त्याच्या तोंडी आधीच असलेल्या दोन भाषांचा आधार घ्या. मराठीमुळे तो कोठे अडखळतो आणि कन्नडमुळे कोठे सावरतो, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. तिन्ही वाक्ये एका फळ्यावर सहज मावतील.