मोजणी दाराशी आली, मानपाडाकरांनो, उठा!

घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा, डोंबिवलीच्या कल्याण-शीळ रस्त्याला दुसरा. दोन्हीकडे भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि मूळ गाव त्यांच्या सावलीत गेले. आज त्या गावात माणसे किती, कोण, कशावर पोट भरणारी? सरकारदरबारी उत्तर मिळेल ते २०११ च्या जनगणनेचे. तेव्हा डोंबिवलीजवळच्या २७ गावांच्या पट्ट्यातला मानपाडा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बाहेर होता. २०१५ मध्ये तो पुन्हा आत आला. ज्या आकड्यांतले गावच उरले नाही, त्यांवर पाणी, शाळा, दवाखाने कसे ठरणार?

नव्या जनगणनेचा संदर्भदिन आहे १ मार्च २०२७. यात प्रत्येकाची जातही लिहिली जाणार आहे. सर्व जातींचे आकडे १९३१ नंतर जनगणनेतून देशाला मिळालेलेच नाहीत. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महाराष्ट्रातले स्थानिक संस्थांमधले ओबीसी आरक्षण अडले, त्याचे एक मोठे कारण होते आकडेवारी नसणे. ओबीसींत मोडणाऱ्या आगरी समाजाने ही ठेच विसरू नये.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी जातीची ४६ लाखांहून अधिक नावे सांगितली. कुणी आडनाव सांगितले, कुणी कूळ. तो जातीचा तपशील आजवर बाहेर आलेला नाही. म्हणून सांगतो, मोजणीदाराला ‘पाटील’ किंवा ‘म्हात्रे’ सांगून भागवू नका. ‘आगरी-कोळी’ आपण एका दमात म्हणतो, पण नोंदीत हे दोन समाज आहेत. कोळ्यांतही महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात, सोनकोळी येत नाहीत. दाखल्यावर जे आहे, जे खरे आहे, तेच सांगा.

मोजणीतून सुटण्याचा सर्वांत जास्त धोका कातकऱ्यांना आहे. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारीत, आणि त्या दिवसांत कातकरी कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर असतात. पाड्यावर कुलूप, भट्टीवर कोण विचारणार? कातकऱ्यांसारख्या अनुसूचित जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. ज्या समाजाला सरकारच विशेष असुरक्षित म्हणते, तो मोजणीतून निसटला तर तो गुन्हा आपल्या सगळ्यांचा. येऊरच्या डोंगराकडेच्या वारली पाड्यांतही मोजणीदार शेवटच्या झोपडीपर्यंत पोचला की नाही, हे शेजारच्या गावाने पाहिले पाहिजे.

चाळमालकांनो, घरपट्टीच्या भीतीने भाडेकरू लपवू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गोपनीय आहे; ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार याच नळाचे पाणी पितो. तो मोजला गेला नाही तर पाणी तुमचेच कमी पडेल. आणि घरातल्या बाया? जमीन विकताना बहिणीची सही हक्कसोडपत्रावर घ्यायला आपण विसरत नाही, पण तिच्या कामाबद्दल विचारले की ‘घरीच असते’ म्हणून मोकळे होतो. मासळी विकणारी, मळा राखणारी, धुणीभांडी करणारी बाई कमावती आहे. तसेच नोंदवून घ्या, आणि उत्तर तिलाच देऊ द्या.

तरुणांनो, येत्या रविवारी गावदेवीच्या देवळापुढे गावकी बोलवा. एक वही करा. घर, माणसे, भाडेकरू, भट्टीवर गेलेली कुटुंबे, सगळे उतरवा. मोजणीदार आला की त्याच्यासोबत गल्लीगल्लीत फिरा, आणि एकही दार सुटले तर तिथल्या तिथे ते दाखवा.