निम्म्या दरात छप्पर साफ होते, पण कोणाच्या जिवावर?

मे महिना संपत आला की सातारा-सांगलीकडे माणसांची नजर छपराकडे जाते. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिम पट्ट्यात मृगाच्या आधी कौले उतरवून शेवाळ खरवडायचे, फुटकी बदलायची, सरकलेल्या रिपा ठोकायच्या, पन्हळी मोकळ्या करायच्या. यालाच शाकारणी म्हणतात. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत कौलांची जागा स्लॅबने आणि सिमेंटच्या पत्र्यांनी घेतली. तिथे गच्ची घासणे, पाणी जाणारी तोंडे साफ करणे, भेगा बुजवणे ही कामे निघतात. पिढ्यान्‌पिढ्या ही कामे कोणी केली, हे वाचकांना सांगायला नको. आता आमच्या वस्त्यांतील काही शिकलेल्या पोरांनी याच कामाचा स्वतंत्र धंदा उभा केला आहे. दोर, पट्टा, शिडी घेतली, चार माणसे हाताशी धरली, पावतीपुस्तक छापले. गुलामीचे काम इज्जतीचे केले. याचा आम्हाला अभिमान आहे.

असाच एक कार्यकर्ता परवा आमच्याकडे आला. म्हणाला, “वकीलसाहेब, धंदा बंद करावा म्हणतो. मी दहा हजार सांगितले की गिऱ्हाईक म्हणते, दुसरा पाच हजारांत करतो. मीही पाचवर येऊ का?” आम्ही त्याला कागद-पेन्सिल दिली आणि हिशेब मांडायला सांगितला. चार माणसे, दोन दिवस. रोज सहाशे धरला तर मजुरीचेच चार हजार आठशे झाले. उरले दोनशे. त्यात ब्रश, दोर, टेम्पोचे भाडे, फुटलेली कौले आणि स्वतःची मेहनत! कागद त्यानेच बाजूला सारला. म्हणाला, “मग तो कसा करतो?”

खरा प्रश्न हाच आहे. कमी दर ही काही जादू नाही. पैसा कुठून तरी कापला जातो. एक तर मजुराच्या रोजातून, नाही तर त्याच्या सुरक्षिततेतून, नाही तर मालकाच्या छपरातून. बहुतेक वेळा तिन्हींतून. चारच्या जागी दोन माणसे चढवली जातात. पट्टा नाही, दोर नाही, शिडी धरायला खाली कोणी नाही. गच्चीचे शेवाळ घासण्याऐवजी तिच्यावर अ‍ॅसिड ओतले जाते. शेवाळ जाते, पण अ‍ॅसिड सिमेंटही खाते. वर्षभराने गच्ची गळू लागते, तेव्हा स्वस्तवाल्याचा फोन लागत नाही. जोराच्या फवाऱ्याने कौले धुतली तर पाणी सांध्यातून आत शिरून वासे कुजवते. आणि सर्वांत वाईट म्हणजे जुना सिमेंटचा पत्रा. वरून तो धड दिसतो, पण माणसाचे वजन पेलत नाही. खालच्या आधारांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे लागते. फळी वाचवली की वेळ वाचतो, दर कमी होतो आणि माणूस पत्र्यासकट खाली येतो. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर सुका घासल्यावर उडणारी धूळ फुप्फुसात जाते, ती वेगळीच.

म्हणून आमचे म्हणणे असे की माणसाला किमान मजुरीही न देता जो काम मिळवतो, तो तुमचा स्पर्धक नव्हे, तो कायदा मोडणारा आहे. हे आम्ही भावनेने बोलत नाही. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामे चालू होती. तिथे मजुराला दिवसाला 9 रुपये 25 पैसे ठरले होते आणि मुकादम त्यातला एक रुपया कापून घेत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम ही घटनेच्या कलम 23 नुसार वेठबिगारी आहे. चाबूक दाखवला तरच सक्ती होते असे नाही, भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. एका रुपयाच्या कपातीला न्यायालय वेठ म्हणते, तर निम्मा रोज कापणाऱ्याला काय म्हणायचे?

वेठ म्हणजे काय हे आमच्या समाजाला शब्दकोशात पाहावे लागत नाही. महारवतनाच्या नावाखाली आमच्या आज्या-पणज्यांनी गावची चावडी झाडली, सांगावे नेले, सरकारी अंमलदारांची ओझी वाहिली. बदल्यात शिळे बलुते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने जायला 1958 साल उजाडले. मजूरमंत्री असताना 1946 मध्ये त्यांनीच किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि 1948 साली त्याचा कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. नव्या संहितांबद्दल कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत, पण किमान वेतनाचा हक्क तिथेही आहे आणि तो ठराविक धंद्यांपुरता राहिलेला नाही. जे फुकट राबवून घेणे वतनासोबत बंद झाले, ते ‘सर्वांत कमी दर’ या नावाने मागच्या दाराने आत येत असेल तर आम्ही गप्प बसायचे काय?

इथे एक इशारा दिला पाहिजे. स्वस्तवाल्याचा राग पुष्कळदा त्याच्या मजुरावर निघतो. कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या पोरांना शिव्या घातल्या जातात. हे साफ चूक आहे. निम्म्या रोजावर पत्र्यावर चढणारा तो पोरगा तुमच्या पोटावर पाय देत नाही, त्याच्याच पोटावर पाय दिलेला आहे. त्याला पूर्ण रोज मिळाला तर ठेकेदाराचा निम्मा दर त्याच दिवशी संपेल. म्हणून त्याला हाकलणे नव्हे, तर त्याची मजुरी वाढवून घेणे, हाच तुमचा धंदा वाचवण्याचा मार्ग आहे. आणि एखादा गडी स्वतःच एकटा छपरावर चढून कमी पैशात काम करत असेल तर तो गुन्हेगार नाही. त्याला आपला हिशेब मांडता येत नाही. त्याला शत्रू करू नका, सोबत घ्या.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दर पाडू नका. आज पाचवर आलात तर उद्या तो चारवर येईल आणि शेवटी तुम्हीही तुमच्याच भावाचा रोज कापाल. दुसरी, तोंडी आकडा सांगू नका. लेखी द्या. माणसे किती, दिवस किती, रोज किती, सामान कोणते, पट्टा-दोर आहे की नाही आणि पहिल्या पावसात गळले तर पुन्हा कोण येणार, हे सगळे लिहा. गिऱ्हाइकाला सांगा, हाच कागद त्या पाच हजारवाल्याकडून आणा. तिसरी, मजुरांची इमारत व बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. इमारतीची दुरुस्ती आणि देखभाल कायद्याने बांधकामातच धरली आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा पुरावा लागतो, म्हणून हजेरीवही ठेवा. चौथी, एकेकट्याने झुंजण्यापेक्षा मजूर सहकारी संस्था काढा. दोर, पट्टे, फळ्या सामाईक होतात, खर्च उतरतो आणि तो मजुराच्या अंगावर न पडता उतरतो. मात्र ‘आपण सर्व ठेकेदार मिळून एकच दर ठरवू’ असा ठराव करू नका. 2002 च्या स्पर्धा कायद्यात तो अंगाशी येऊ शकतो. दराचा तळ तुम्ही ठरवायचा नाही, किमान वेतनाने तो ठरवलेलाच आहे. तो मोडणाऱ्याची तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी करा आणि पोच घ्या.

आता काम देणाऱ्यांशी दोन शब्द. छपरावरून माणूस पडला तर “तो ठेकेदाराचा होता” म्हणून हात झटकता येतीलच असे समजू नका. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातच बारा फूट वा त्याहून उंच छपराच्या इमारतीची दुरुस्ती-देखभाल लिहिलेली होती. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. शाळा, दवाखाने, कारखाने, सोसायट्या यांनी काम देताना मजुरीचा हिशेब मागितलाच पाहिजे.

आणि सर्वांत कडू गोष्ट आमच्याच माणसांना सांगायची आहे. 14 एप्रिलला किमान वेतनावर भाषण देणारा आमचा नोकरदार स्वतःची गच्ची साफ करायला सर्वांत स्वस्त माणूस शोधतो. विहाराच्या छपराचे काम निघाले की कमिटीत पहिला प्रश्न येतो, “कमी कोणाचे?” वर चढणाऱ्याला रोज किती मिळणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या छपराखाली बसून आम्ही समतेवर बोलतो, तेच छप्पर वेठीने साफ झाले असेल तर त्या बोलण्याला काय अर्थ?

येत्या पावसाळ्यापूर्वी आमच्या प्रत्येक वस्तीने, प्रत्येक विहाराने एवढे तरी ठरवावे, की पट्टा नसलेल्या आणि पूर्ण रोज न मिळणाऱ्या माणसाला आमच्या छपरावर चढू देणार नाही. तो परवाचा कार्यकर्ता आमच्याकडून कोटेशनचा नमुना लिहून घेऊन गेला. आकडा त्याने दहा हजारच ठेवला आहे. त्याला काम द्यायचे की नाही, हे आता तुम्ही ठरवायचे आहे.